‘रोड’ नावाच्या स्टेशनापासून पुढे

लातूर रोड, नाशिक रोड, आबू रोड. रेल्वेच्या वेळापत्रकात गावाच्या नावाला ‘रोड’ हा शब्द चिकटलेला दिसला, की त्या गावापर्यंत गाडी जात नाही असे खुशाल समजावे. रेल्वे आपल्याला त्या गावाच्या रस्त्यावर आणून सोडते आणि हात झटकते. उरलेली वाट ज्याची त्याने पाहून घ्यायची. आजवर रेल्वे न लाभलेल्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आम्हांला हा ‘रोड’ चांगलाच परिचयाचा आहे. लातूर रोडला उतरावे, पिशव्या सावरत काळीपिवळी गाठावी, आणि चालकाच्या शेजारच्या जागेवर चौथे माणूस म्हणून बसावे, ही येथील पिढ्यांची रीत.

प्रवासाच्या इतिहासात या उरलेल्या वाटेला फारशी जागा मिळालेली नाही. आगबोटींचा, आगगाडीचा, विमानांचा इतिहास लिहिला गेला. स्टेशनापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा टप्पा मात्र कुणाच्या तरी खांद्यावर, कुणाच्या तरी टांग्यात पार पडला आणि विसरला गेला. आमच्या मते थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास तर या टप्प्याशिवाय वाचताच येत नाही. कारण जे ठिकाण पोहोचायला अवघड, तेच आधी श्रीमंतांचे होते, आणि ते अवघडपण पेलणारा माणूस कधीच श्रीमंत नसतो.

महाबळेश्वराचे पाहा. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी तेथे चढला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ते ठिकाण मनावर घेतले आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून, खंडाळा गावाच्या बदल्यात ते कंपनी सरकारच्या ताब्यात आणले. बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव मिळाले. उन्हाळ्यात गव्हर्नर आणि त्यांच्या मागोमाग सारे सरकार वर जाऊ लागले. जायचे कसे? मुंबईहून जलमार्गाने कोकणात उतरायचे आणि मग पार घाटाने पालखीतून वर चढायचे. आंबेनळीचा घाट गाडीरस्ता होऊन खुला झाला तो १८७६ मध्ये. दुसरी वाट पुण्याहून, वाई मागे टाकून पसरणीच्या घाटाने पाचगणीवर चढणारी. त्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत पुण्याच्या दक्षिणेला रेल्वे सरकली, तेव्हा वाठार हे महाबळेश्वरचे स्टेशन झाले. तेथून पुढे टांगा.

या रस्त्यांचे श्रेय बहुधा गव्हर्नरांना आणि महाराजांना दिले जाते. पण महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांचा एक तुरुंग होता, आणि त्या कैद्यांकडून रस्त्यांची व बागांची कामे करून घेतली जात, ही गोष्ट वेण्णा तलावावर मक्याचे कणीस खाणाऱ्या किती जणांच्या कानी गेली असेल? समुद्रापलीकडून शिक्षा म्हणून आणलेल्या माणसांनी हवापालटाची वाट सुकर करून द्यावी, यातला विरोधाभास त्या काळच्या कुणाला खटकलेला दिसत नाही.

माथेरानची कथा याहून बोलकी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात वर चढले आणि ठिकाण ‘सापडले’. धनगर, ठाकर, कातकरी यांना ते आधीपासून सापडलेलेच होते. पण शोध लागला असे म्हणण्यासाठी शोधणाऱ्याचे नाव दफ्तरात असावे लागते. पुढच्या काही वर्षांतच मुंबईहून कल्याणमार्गे निघालेली रेल्वे पायथ्याच्या नेरळवरून जाऊ लागली आणि नेरळ ते माथेरान हा शेवटचा टप्पा जन्माला आला. टट्टू, डोली, पालखी आणि नंतर माणसाने ओढायची रिक्षा, ही त्याची वाहने. पालखीला लागणारे भोई बदलत बदलत जायचे. आत बसणाऱ्याला ते बदललेले कळू नये, यातच त्यांचे कसब.

पॉइंटांची नावे वाचत माथेरानचा फेरा पूर्ण करावा. अलेक्झांडर, गारबट, लुइझा, हार्ट, पाण्याच्या तळ्यालाही शार्लट. महाबळेश्वरात लॉडविक आणि एल्फिन्स्टन. पाहुण्यांनी डोंगराला आपली नावे दिली, आणि ज्यांच्या खांद्यावरून पाहुणे तेथवर आले त्यांच्या वाट्याला एखादी पायवाटही आली नाही.

१९०७ च्या मार्चमध्ये नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द, दोन फूट रुंदीचा रूळ आणि सुमारे १६ लाख रुपयांचा खर्च. आम्हां लातूरकडच्या मंडळींना यात एक घरगुती धागा सापडतो. माथेरानच्या त्या वाफेच्या इंजिनांची रचना एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची. बार्शी लाइट रेल्वेचे जनक तेच, आणि तीच बार्शी रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली अरुंद गाडी एकीकडे मुंबईच्या धनिकांना थंड हवेत नेत होती, आणि दुसरीकडे निजामाच्या मुलखातल्या कापूस-तेलबियांच्या पेठेला बाहेरच्या जगाशी जोडत होती.

त्याच वर्षी, १९०७ मध्येच, चिंतामणराव वैद्यांनी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, हा निव्वळ योगायोग. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने तो लक्षात ठेवावा. पेणजवळच्या वरसईहून निघून उत्तर हिंदुस्थानापर्यंत बहुतांशी पायी गेलेल्या भिक्षुकाचे पुस्तक आणि डोंगर चढणारी खेळण्यासारखी गाडी, ही दोन्ही एकाच वर्षी मराठी जगात आली. जो चालत गेला त्याने लिहिले. ज्याने दुसऱ्याला वाहून नेले त्याचे लिखाण आपल्यापाशी नाही.

आणि आपली भाषा? ‘पालखीचे भोई’ ही प्रतिमा आपण सारस्वताच्या सेवेसाठी इतकी वापरली, की खरा भोई तिच्यातून केव्हा उतरून गेला ते कळलेच नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर भोई होणे सोपे आहे. खांद्यावर कापडाची चुंबळ ठेवून घाट चढणे निराळे. ‘सारथी’ या शब्दाचे तर दुटप्पीपण महाभारतापासूनचे. कृष्णाने घोड्यांचे लगाम धरले तर ते दैवी कार्य. अधिरथाने धरले तर त्याने वाढवलेल्या कर्णाला जन्मभर ‘सूतपुत्र’ हे हिणवणे ऐकावे लागते. शल्यासारख्या राजाला कर्णाचे सारथ्य करावे लागले, तेव्हा त्याला तो अपमानच वाटला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीबरोबर ‘शोफर’ हा फ्रेंच शब्द आला. त्याचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा. मराठीत येईपर्यंत त्या शब्दावरची काजळी धुऊन निघाली आणि उरली ती टोपी व गणवेश. आमच्याकडे तोच माणूस ‘डायवर’ होतो, आणि जेवायच्या वेळी ‘डायवरला बी वाढा’ असे कुणीतरी शेवटी आठवणीने म्हणतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही, हे आल्प्सकडे पाहिले म्हणजे कळते. स्वित्झर्लंडच्या ज्या ग्राउब्युन्डेन प्रांतात दावोस आणि सेंट मॉरिट्झ ही श्रीमंती ठिकाणे आहेत, त्या प्रांताने १९०० ते १९२५ अशी पंचवीस वर्षे आपल्या रस्त्यांवर मोटारीला बंदी घातली होती. पुन्हा पुन्हा लोकमत घेतले गेले आणि लोक पुन्हा पुन्हा ‘नको’ म्हणाले. कितीही मोठा धनिक असो, त्याने छोट्या रेल्वेने यावे आणि पुढे घोडागाडी करावी. थॉमस मान यांची १९२४ ची ‘मायावी पर्वत’ या अर्थाच्या नावाची कादंबरी दावोसकडे चढणाऱ्या अशाच अरुंद रेल्वेच्या प्रवासाने सुरू होते, हे येथे आठवते. आज त्याच डोंगरांत झुरिक-जिनिव्हाच्या विमानतळांवरून खासगी चालकांच्या आलिशान गाड्या धावतात. तरी झरमॅटला जाणाऱ्याला गाडी अलीकडे टेश येथेच सोडावी लागते.

आपले टेश म्हणजे माथेरानचा दस्तुरी नाका. मोटार तेथे थांबते. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले आणि गाड्यांच्या बंदीला नवे बळ मिळाले. निर्णय योग्यच, मात्र डोंगराची हवा राखण्याचा भार पुन्हा माणसाच्या फुप्फुसांवर पडला, कारण मोटार नाही म्हटल्यावर लाल मातीच्या चढावर माणसे माणसांना ओढतच राहिली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, यासाठी गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर योजना आखण्यास सांगितले. सायकलरिक्षाचालकांविषयीचा १९८० चा निकाल न्यायालयाने त्या वेळी स्मरला. मधली पंचेचाळीस वर्षे ज्यांनी रिक्षा ओढली, त्यांतल्या अनेकांचे गुडघे ई-रिक्षाची वाट पाहण्याच्या पलीकडे गेले असतील.

आता मोटारीच्या चालकाचे. हैदराबाद संस्थानात निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हापासून वाहन चालवणे ही या भागात पगाराची नोकरी झाली. १९५६ मध्ये अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आला. तरी परदेशी निघालेल्या मुलाला शमशाबादच्या विमानतळावर सोडायला आजही येथून गाडी भाड्याने ठरते, आणि लग्नानंतर महाबळेश्वर-माथेरानला जायलाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीच्या खोलीची तरतूद केली. पण पाच किंवा अधिक कामगार असतील तरच. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली; किमान कामगारसंख्येची अट तिच्यातही आहे. दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक तेव्हाही बाहेर होता आणि आताही बाहेरच आहे. तामिळनाडूने २०२३ मध्ये हॉटेलांना पाहुण्यांच्या चालकांसाठी निवासाची सोय बंधनकारक केली.

दस्तुरी नाक्यावर उभ्या गाड्यांत रात्री फिरून पाहावे. पाहुणे छोट्या गाडीने किंवा घोड्यावरून पुढे गेलेले असतात. मागची सीट आडवी केलेली, काच चार बोटे खाली, डॅशबोर्डवर देवाची लहान मूर्ती आणि बाहेरच्या आरशावर वाळत घातलेला टॉवेल. नंबरपट्ट्या वाचत गेले, तर एखादी एमएच-२४ ची, म्हणजे लातूरची, हमखास सापडते.