ऑनलाइन कॉलेज करणाऱ्या मुलांची विचारपूस कोण करतं?



तुमच्यापैकी काहींची मुलं यंदा घरातूनच कॉलेज करतायत. वरची खोली, बंद दार, लॅपटॉप. "कसं चाललंय?" विचारलं की "ठीक." आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी असंच होतं. ऑक्टोबरमध्ये कळलं, की मुलाने तीन आठवडे एकही असाइनमेंट दिलेली नाही. मी घाईघाईने कॉलेजला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की मुलाच्या परवानगीशिवाय त्या काहीच सांगू शकत नाहीत. तेव्हा फार राग आला होता. नंतर या विषयावर वाचत गेले आणि लक्षात आलं, की घरी बसून शिकणाऱ्याची विचारपूस कोणी करायची हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

1873 साली बॉस्टनमध्ये ॲना एलियट टिकनॉर या बाईंनी घरी बसून शिकू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. तेव्हा अमेरिकेत बहुतेक बायकांना कॉलेजची दारं बंदच होती. टिकनॉरबाईंची पद्धत साधी होती. शिकवणाऱ्या बायका विनामोबदला काम करायच्या आणि विद्यार्थिनीला दर महिन्याला स्वतः पत्र लिहायच्या. काय वाचलं, काय अडलं, पुढे काय वाचायचं, हे सगळं पत्रातून. पुस्तकं परवडत नसतील तर संस्थेच्या ग्रंथालयातून टपालाने घरी यायची. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायकांमध्ये घट्ट मैत्री व्हायची. हे काम 24 वर्षं चाललं आणि टिकनॉरबाई गेल्यावर 1897 मध्ये थांबलं.

आता दुसरं टोक बघा. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांसाठी पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू झाला. हेतू चांगला होता, कारण खाणीत अपघात फार व्हायचे. पुढे त्याचा मोठा व्यवसाय झाला. विक्रेते गावोगाव फिरून लोकांची नावं नोंदवायचे. लाखोंनी नावं घातली, पण अभ्यास अर्धवट सोडणारेही प्रचंड होते. धडे व्यवस्थित छापलेले होते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्या धड्यांसमोर रोज बसवेल कोण, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता.

ब्रिटनमधल्या मंडळींना ओपन युनिव्हर्सिटी माहीत असेलच. 1969 मध्ये तिला सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 24,000 विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रवेशाला आधीच्या परीक्षांची अट नव्हती. लोकांना बीबीसीवरची व्याख्यानं आठवतात, पण खरा आधार वेगळा होता. गावोगावी अभ्यासकेंद्रं होती. वही तपासून सविस्तर शेरा लिहिणारे शिक्षक होते, आणि अडचण ऐकून घेणारे समुपदेशकही होते. तिथेच काम करणाऱ्या डेव्हिड स्यूअर्ट यांनी 1978 मध्ये मांडलं, की अभ्यासाचं साहित्य कितीही उत्तम असलं तरी ते एकटं पुरत नाही. विद्यार्थ्याची काळजी घेणारं कुणीतरी सतत, शेवटपर्यंत लागतं.

आपल्याकडेही हेच झालं. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी', पण नुसती पुस्तकं घरी पाठवून ते थांबलं नाही. जागोजागच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं झाली, संपर्क सत्रं सुरू झाली. नोकरी किंवा संसार सांभाळून तिथून पदवी घेतलेलं कुणीतरी तुमच्याही नात्यात असेल. त्यांना विचारा, अभ्यास कशामुळे पूर्ण झाला. बहुतेक वेळा एखाद्या सरांचं किंवा मॅडमचं नाव निघेल.

आजच्या कॉलेजांतही ही माणसं आहेत. ॲकॅडमिक ॲडव्हायजर, ट्यूटर, निबंध तपासून देणारं रायटिंग सेंटर, ग्रंथपाल, काउन्सेलर. पण ऑनलाइन मुलांना वाटतं, हे सगळं कॅम्पसवरच्यांसाठी. पुष्कळ ठिकाणी व्हिडिओवरून हीच मदत मिळते, फक्त ती मागावी लागते. आणि खरं सांगायचं तर, मदत मागणारा म्हणजे कच्चा, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं.

त्या फोनबद्दलही सांगते. अमेरिकेत 1974 चा 'फर्पा' नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. म्हणून साधारणपणे कॉलेज पालकांना परस्पर काही सांगत नाही. मुलाने लेखी संमती दिली तर सांगू शकतं. पण ती सही भांडून घेऊ नका. मी आधी भांडूनच बघितलं, काही उपयोग झाला नाही.

आमच्याकडे शेवटी काय झालं? एका रात्री मी मार्कांचा विषय न काढता त्याच्याशेजारी नुसती बसले. त्याने न उघडलेल्या मेल उघडल्या. ॲडव्हायजरने तीनदा लिहिलं होतं. शेवटच्या मेलमध्ये एवढंच विचारलं होतं, की तू बरा आहेस ना? दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी बोलला. एक विषय मुदतीत सोडला, बाकीचे पास झाला.

तेव्हा आज जेवताना "मार्क किती?" ऐवजी एवढंच विचारा: "कॉलेजात तुझं ऐकून घेणारं कोण आहे? नाव माहितीये?" नाव सांगता आलं नाही, तर त्याच्यासोबत बसून ते शोधा. आणि तुमच्या मुलांना कुणाची मदत झाली, ते इथे नक्की लिहा. दुसऱ्या एखाद्या घरी त्याचा उपयोग होईल.