पावसाळी उदासीची कैफियत

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्याच्या ज्या काळ्याभोर जमिनीवर मौजे अल्लीपूर वसले आहे, तिची जमाबंदी सरकारी दप्तरांनी तपशिलाने टिपली. परंतु आषाढात आभाळ कोंदले म्हणजे कास्तकाराच्या मनावर जे मळभ दाटते, त्यासाठी त्या दप्तरांत रकानाच नव्हता. १८६२ साली हा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला, १८६४ साली नागपुरास मनोरुग्णालय निघाले, आणि उन्मादाची दखल सरकारदरबारी तेवढी घेतली गेली. वर्षाऋतूत अग्नी मंद होतो हे आयुर्वेदाने जाणले होते, आणि ज्याचा रामगिरी पुष्कळ विद्वान आपल्या रामटेकास मानतात त्या मेघदूतात तर मेघ पाहून सुखी माणसाचेही चित्त विचलित होते. तरी ऋतूशी बांधलेल्या विषादास स्वतंत्र व्याधीचे नाव मिळाले ते १९८४ साली, मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांकडून, अमेरिकेतील हिवाळ्याच्या अंधारात.

त्या व्याधीच्या निदानाची कसोटी येथे जशीच्या तशी लावणे मला धाडसाचे वाटते. खिन्नता, अरुची, झोपेचा वा भुकेचा बिघाड दोन आठवडे टिकला, आणि लागोपाठ दोन वर्षे त्याच ऋतूत येऊन ऋतूसरशी ओसरला, तर संशय घ्यावा, हे खरे. पण पावसाळा म्हणजेच पेरणीचे कर्ज, दुबार पेरणीची धास्ती आणि सावकाराचा तगादा असेल, तर दोष आभाळाचा की खतावणीचा, हे आधी ताडून पाहावे, कारण दरसाल ठरल्या वेळी येणाऱ्या अशा विवंचनेतून उपजलेल्या खिन्नतेस वैद्यकही या निदानातून वगळते. (वगळणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे.) जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र ही सारी छाननी बाजूस ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य साहाय्यसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तत्काळ बोलावे.