तीन रकान्यांची गोष्ट

परवा मामा घरी आले होते. मी घरूनच काम करत होतो. बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे चौकोन डावीकडून उजवीकडे सरकवायचा तुला पगार मिळतो होय रे?" हसलो खरा, पण प्रश्न डोक्यात राहिला. हे चौकोन आले तरी कुठून?

सुरुवात जपानात झाली, तीही कारखान्यात. टोयोटामध्ये ताइची ओनो नावाचे इंजिनिअर होते. अमेरिकन सुपरमार्केटात फळीवरून जेवढा माल उचलला जातो तेवढाच पुन्हा भरतात, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. १९५० च्या दशकात त्यांनी तोच हिशोब कारखान्यात आणला. सुट्या भागांच्या खोक्याबरोबर एक कार्ड. भाग वापरले की कार्ड मागे जाणार, आणि कार्ड आलं की तेवढेच नवे भाग बनणार. हेच ते 'कानबान'. गंमत बघा, कार्ड आल्याशिवाय काम सुरूच करायचं नाही, हा त्यातला खरा मुद्दा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे कार्डं आली ती वेगळ्या वाटेने. १९९६ मध्ये क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रोजेक्टवर केंट बेक आले. ग्राहकाला काय हवंय ते तिथे छोट्या कार्डांवर हाताने लिहीत. कार्डावर जागा कमी, त्यामुळे उरलेलं बोलावंच लागे! (प्रोजेक्ट २००० मध्ये बंद झाला, पद्धत मात्र टिकली.) मग फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातला पहिलाच मुद्दा असा, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा एकमेकांशी संवाद जास्त मोलाचा.

आणि त्यानंतर साधनांचा जो पूर आला म्हणता..

२००२ मध्ये जिरा आलं. मुळात बग नोंदवायला. नाव 'गोजिरा'वरून, म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. मराठी माणसाला ते गोजिरं वाटावं हा निव्वळ योगायोग, वापरलेल्यांना विचारा. २००४ मध्ये शिकागोच्या ३७सिग्नल्सने बेसकॅम्प काढलं, आधी स्वतःच्याच कामांसाठी बनवलेलं. याद्या, निरोप, तारखा, बास. २०११ मध्ये ट्रेलो. त्याचं आधीचं नाव ट्रेलिस, म्हणजे वेलीचा मांडव. तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. माझ्या आईलाही पाच मिनिटांत जमलं, तिने दिवाळीच्या फराळाचा बोर्ड केला होता.

आमच्या टीमनेही भिंतीवरच्या चिकटचिठ्ठ्या काढून असाच बोर्ड घेतला. मग मी त्यात 'तपासणी' रकाना घातला. मग 'तपासणीच्या प्रतीक्षेत'. असं करत करत अकरा झाले. वर कोणाचं कार्ड किती दिवस हललं नाही याचा रिपोर्टही मीच बनवला, फार हौसेने.

एका मुलाचं कार्ड नऊ दिवस एकाच जागी होतं. भिंतीवर असतं तर चहाला जाता-येता कोणीतरी विचारलं असतं, "काय रे, अडलंय का?" इथे सगळ्यांनी आपापल्या खुर्चीत बसून ते लाल झालेलं पाहिलं. मीही पाहिलं. अडलेलं काम त्याचं नव्हतंच, दुसऱ्या टीमकडून उत्तर यायचं होतं. पण वार्षिक मूल्यमापनात माझाच रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला गेला. दोन महिन्यांनी तो सोडून गेला. जाताना माझ्याशी नीट बोलला, हे जास्त लागलं.

असो. त्याच आठवड्यात मी रिपोर्ट काढून टाकला आणि बोर्ड तीन रकान्यांवर आणला. मधल्या रकान्यात एका वेळी चारच कार्डं, पाचवं घालायचं तर आधी एक पुढे सरकलं पाहिजे. ओनोंचीच युक्ती. कार्ड दोन दिवस हललं नाही तर मी उठून जातो, घरून काम असेल तर फोन लावतो.

मामांना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या मुलाला केलास का फोन?"

केला, काल.