विकासवाडी
विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवण्याची बालशिक्षणपद्धती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ती डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे रुजवली; बोर्डीत १९४५ साली सुरू झालेले काम १९५७ मध्ये तेथे हलले. थोरल्या मुलींची शाळा बुडे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. त्या भावंडालाही शाळेत जागा मिळाली, हे या पद्धतीचे खरे मोठेपण. धाकटी थोरल्यांचे पाहून शिकत. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने आणण्याऐवजी हाताशी असलेले चिंचोके, शिंपले, खडे, पाने वापरली जात. चिंचोक्यांच्या राशीतून पाच-पाच वेगळे काढताना मूल मोजणीच शिकते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळाही निघाली.