नेमाची दुर्बीण आणि आठ तासांचा दिवस



मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने बंदुकीवरच्या दुर्बिणीविषयी बोलावे, हे आपल्याला थोडे विचित्र वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. परंतु संघटनेच्या कामामुळे भिंगे घासणाऱ्या कामगारांत माझे येणेजाणे झाले, आणि ते ठाऊक असलेल्या गावातल्या एका तरुण नेमबाजाने मला एकदा विचारले, "काका, लांबच्या नेमासाठी दुर्बीण कोणती घ्यावी?" त्याच्या हातात एक जाहिरात होती. 'पंचवीस पट' हे शब्द तीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले होते. त्याला उत्तर देण्यासाठी मी वाचू लागलो, आणि त्या लहानशा प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे असे दिसले. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. बिनदुर्बिणीच्या रायफलीने नेम धरताना डोळ्याला तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. या तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर असतात, आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. दुर्बिणीत नेमाची फुली आणि लक्ष्य ही दोन्ही एकाच पातळीवर दिसतात. म्हणजे वस्तू मोठी दाखवणे हा या दुर्बिणीचा दुसरा गुण होय. डोळ्याची ओढाताण थांबवणे हा पहिला.

गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे रोखली. पण ती रायफलीवर नीट बसायला दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत चॅपमन यांनी कल्पना मांडावी आणि न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील मॉर्गन जेम्स या बंदूक-कारागिराने ती घडवावी, अशा सहकार्यातून जवळजवळ नळीइतकी लांब दुर्बीण तयार झाली. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कर्नल डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या बाजूला बसवली जाई, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. पण या सर्व दुर्बिणींतून दिसणारे दृश्य अरुंद आणि अंधुक असे. दोष कारागिराचा नव्हता. दोष काचेचा होता.

काचेचा हा प्रश्न जर्मनीतील येना या गावी सुटला. कार्ल झाइस यांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे हे प्राध्यापक १८६६ पासून काम करू लागले. भिंग अंदाजाने घासून पाहायचे ही जुनी रीत त्यांनी मोडली आणि गणिताने आधी हिशेब करून मग घासण्याची रीत घातली. १८८४ मध्ये ओटो शॉट यांच्याबरोबर काचेचा कारखाना निघाला आणि हव्या त्या गुणाची काच ठरवून ओतता येऊ लागली. आज कोणतीही चांगली दुर्बीण डोळ्याला लावा, तिच्यात या दोघांचे ऋण आहे.

परंतु आबे यांच्याविषयी मला सांगायचे आहे ते निराळेच. आबे हे सूतगिरणीतल्या कामगाराचे पुत्र. त्यांचे वडील रोज चौदा ते सोळा तास उभ्याने काम करीत. दुपारी लहान एर्न्स्ट डबा घेऊन जाई. वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच घाईने जेवत, आणि मुलगा रिकामा डबा घेऊन परत येई. ही आठवण आबे विसरले नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी झाइस यांच्या नावाने न्यास स्थापन केला आणि पुढे कारखान्यातली आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली. निवृत्तिवेतन, भरपगारी रजा आणि नफ्यातला वाटा या गोष्टी कामगारांच्या हक्कात आल्या. १९०० साली त्यांनी कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि गणिती माणूस असल्यामुळे परिणाम मोजून पाहिला. आठ तासांत काम घटले तर नाहीच, उलट किंचित वाढले. त्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्यांच्या उजेडात मजुरांचा दिवस अधिकच लांबत चालला होता. प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा कायद्याने मिळाली ती १९११ साली!

आता महायुद्धाकडे वळू. १९१४ साली ब्रिटनला कळून चुकले की आपल्या दुर्बिणींची बरीचशी काच शत्रूच्याच देशातून येत होती. काच कशीबशी जमवली, दुर्बिणी आघाडीवर पाठवल्या; पण १९१५ मध्ये हेस्केथ-प्रिचर्ड हे मूळचे शिकारी असलेले अधिकारी रायफली तपासू लागले, तेव्हा कित्येकींचे नेम चुकलेले आढळले. दुर्बीण मिळाली होती, ती जुळवण्याचे शिक्षण मिळाले नव्हते. शिवाय काही दुर्बिणी नळीच्या एका बाजूला बसवल्या होत्या. त्यामुळे खंदकातल्या चिंचोळ्या भोकातून पाहणे कठीण जाई. दुर्बीण कितीही उत्तम असो, तिची बैठक सैल किंवा वाकडी असेल तर ती नेमबाजाला आत्मविश्वासाने चुकवते, हा धडा जगाने तेव्हा माणसांच्या जिवाची किंमत देऊन घेतला.

पुढच्या तीन सुधारणा थोडक्यात सांगतो. १९३० मध्ये अमेरिकेतील वीव्हर यांनी तीन पटीची दुर्बीण बैठकीसह एकोणीस डॉलरांना विकायला काढली, आणि श्रीमंतांची ही चीज साध्या शिकाऱ्याच्या आवाक्यात आली. १९३५ मध्ये झाइसच्या कारखान्यातील स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याची युक्ती शोधली. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत अशी दहा पृष्ठे असली तर एकतृतीयांश उजेड वाटेतच हरवतो. लेपाने ही गळती बरीच कमी केली. आणि १९४७ मध्ये ल्यूपोल्ड या अमेरिकन कारखान्याने नळीत कोरडा नायट्रोजन भरून आतले धुके घालवले.

या इतिहासातून निवडीचे उत्तर आपोआप निघते. शिकारीची वेळ पहाटेची किंवा तिन्हीसांजेची आणि जनावर हलते. तिथे उजेड हवा आणि दृश्य रुंद हवे. पुढच्या भिंगाचा व्यास पटीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. बेचाळीस मिलिमीटर आणि सहा पट म्हणजे सात मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण एवढीच उघडते. म्हणून जिथे शिकार कायद्याने चालते त्या देशांत जुने शिकारी चार किंवा सहा पटींवर समाधानी असतात. डोळा आणि दुर्बीण यांत तीन-साडेतीन इंच अंतरही राखावे लागते, नाहीतर रायफलीच्या धक्क्याने भुवई फुटते.

लांबच्या नेमबाजीत लक्ष्य हलत नाही आणि ऊन भरपूर असते. तिथे पट वाढवायला हरकत नाही. पण त्या जाहिरातीतल्या दुर्बिणीचा हिशेब करा: पन्नास मिलिमीटरला पंचवीसने भागले की दोनच मिलिमीटर उरतात. दुपारी ते पुरतात, संध्याकाळी नाही. शिवाय पट वाढली की तापलेल्या जमिनीवरची लहरती हवा आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. दुसरे, बाजूने पाहिले की घड्याळाचा काटा सरकलेला दिसतो, तशीच डोळा हलताच फुली लक्ष्यावरून सरकते. याला पराशय म्हणतात. तो अंतराप्रमाणे घालवण्याची सोय लांबच्या दुर्बिणीत हवीच. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट घुंड्यांची. शंभर यार्डांवर एक इंचाची चूक हजार यार्डांवर दहा इंचांची होते. म्हणून घुंडी वीस खटके उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली फिरवावी आणि प्रत्येक कोपऱ्यावर गोळी टाकून पाहावी. चौकोन पूर्ण झाला आणि शेवटची गोळी पहिलीच्या जागी आली, तर ती दुर्बीण प्रामाणिक. मी त्या तरुणाला म्हटले, "पैसे मर्यादित असतील तर पट कमी घे, पण काच, बैठक आणि घुंड्या यांत काटकसर करू नकोस."

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला, आणि ते योग्यच झाले. आपल्याला उरली ती नेमबाजी. तिथेही दुर्बिणीचा गर्व नको. २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्निल कुसळे यांनी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. ते तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या स्पर्धेच्या नियमात ती बसतच नाही. आधी डोळा, श्वास आणि बोट तयार व्हावे लागते. यंत्र त्यानंतर येते.

शेवटी पुन्हा येनाकडे वळतो, कारण ही कथा तिथे गोड होऊन संपत नाही. आबे १९०५ मध्ये वारले. दुसऱ्या महायुद्धात त्याच कारखान्यात सक्तीने आणलेल्या परदेशी माणसांकडून काम करून घेतले गेले. न्यासाची घटना कागदावर होती. तिच्यामागे उभे राहणारे स्वतंत्र कामगार उरले नव्हते, कारण १९३३ मध्येच जर्मनीतल्या कामगार संघटना मोडून टाकल्या होत्या. भल्या मालकाने दिलेला हक्क चांगलाच. पण तो टिकवायला हक्कदारांची एकजूट लागते. दुर्बिणीची बैठक आणि समाजाची बैठक यांत मला म्हणूनच फरक दिसत नाही. काच कितीही निर्मळ असो, खालचे स्क्रू ढिले झाले की नेम हुकतो. ते स्क्रू घट्ट आहेत ना, हे आपण अधूनमधून तपासत राहू या.