मिसरी व मुखारोग्य

मिसरी (मशेरी) : तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून व चाळून केलेली पूड. ती तर्जनीवर घेऊन दातांवर व हिरड्यांवर चोळतात आणि बराच वेळ तशीच तोंडात धरून मग थुंकतात. खानदेशासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, ती दात घासण्याचे साधन मानली जाते. दाढ ठणकू लागली की मिसरीचे बोट लावावे, तिने कीड लागत नाही, हा समज पांझरेकाठच्या पिंपळनेरपासून (ता. साक्री, जि. धुळे) कोकणापर्यंत आढळतो. तंबाखूतील निकोटिनामुळे दुखण्याची जाणीव काही काळ बोथट होते खरी, परंतु कीड आत चालूच राहते. शिवाय निकोटिनाची सवय जडल्यामुळे सकाळी एकदा लावली जाणारी मिसरी पुढे दिवसातून अनेकदा लागू लागते.

तोंडाचे अस्तर पातळ व रक्तवाहिन्यांनी भरलेले असल्याने मिसरीतील द्रव्ये थेट रक्तात उतरतात. मुंबईत गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिसरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी भरले आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही वाढलेले दिसले. बोटावरच्या चिमूटभर पुडीचा परिणाम गर्भापर्यंत पोहोचतो, याहून मुखारोग्य व शरीरस्वास्थ्य यांच्या नात्याचे ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक असल्याचेही निर्विवाद सिद्ध झाले आहे. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती कायम ठेवली. मात्र घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीपर्यंत हा कायदा पोहोचू शकत नाही.

हिरड्यांचा दाह दातांच्या आधारभूत हाडापर्यंत गेला, म्हणजे ज्याला परिदंतशोथ म्हणतात तो विकार जडला, की दात हलू लागतात. मधुमेहाशी त्याचे नाते दुहेरी आहे : रक्तातील साखर वाढली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो आणि संसर्ग टिकला की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर काही अंशी उतरल्याचे अनुभवास आले आहे. हृदयाच्या झडपा आधीच सदोष असतील, तर तोंडातील जंतू रक्तावाटे तेथे जाऊन प्राणघातक दाह निर्माण करू शकतात.

दंतक्षय, म्हणजे बोलीतली दातांची कीड, हा कोणा किड्याचा उद्योग नसतो. दातावरील चिकट थरातील जंतू साखर पचवून आम्ल तयार करतात, त्यामुळे दंतवल्कातील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळतात. लाळ ती हळूहळू परत भरून काढते. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली हे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि दिवसभर घोटघोट घेतला जाणारा गोड चहा किंवा बाळाच्या तोंडात रात्रभर राहिलेली गोड दुधाची बाटली विशेष घातक होते. फ्लोराइड या भरपाईस मदत करते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन वेळा, त्यांपैकी एकदा झोपण्यापूर्वी, दात घासून फेस थुंकावा व लगेच खळखळून चूळ भरू नये. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. विंधनविहिरीच्या पाण्यात मात्र फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास, दात घडत असण्याच्या वयात ते सतत प्याल्याने दातांवर डाग पडतात. त्यामुळे पाण्याची तपासणी करून घेणे इष्ट असते.

वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्न अडकते व ती लवकर किडते. अशा खाचा दंतवैद्याकडून लेप लावून बुजवता येतात. परंतु दुधाचीच दाढ आहे, पडेल व नवी येईल, अशा समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः ती कायमची दाढ असते.