सर्व्हरची हाक: एक छोटा इतिहास



अल्फारेटात आपल्यातले बरेच जण ऑन-कॉलवाले, म्हणून हे थोडक्यात. ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. १९९९ मध्ये इथन गॅलस्टॅडने नेटसेंट काढलं. २००२ मध्ये त्याचं नॅजिऑस झालं. सर्व्हर पडला की ईमेल सुटायची आणि मोबाईल कंपनीच्या गेटवेवरून तीच एसएमएस होऊन फोनवर यायची. सोपं काम!

पण एटी अँड टीने ही सोय १७ जून २०२५ ला बंद केली. जुन्या स्क्रिप्टमध्ये अजून तोच पत्ता असेल, तर मध्यरात्री सर्व्हर ओरडेल आणि फोन गप्प राहील. स्लॅक आहे, टेलिग्रामचे बॉट आहेत. पण वाटा निदान दोन ठेवा, आणि अधूनमधून खोटा अलर्ट पाठवून बघा. ऐकू आली, तरच ती हाक!